धाब्यावर वाळत घातलेलं मेडिकल

माझं मेडिकल ज्या गावात आहे ते जळगाव आणि धुळे यांच्या साधारण मधोमध येतं. ऐकायला हे सोयीचं वाटतं, पण त्याचा खरा अर्थ एवढाच की दोन्हीकडचे लोक आम्हाला दुसरीकडचे समजतात. औषधांची गाडी यायची असली की जळगावचा ठोक व्यापारी म्हणतो, ताई, तुमची लाइन धुळ्याची. धुळ्याचा म्हणतो, तुमची जळगावची. लाइट गेली तरी तेच, रस्ता खचला तरी तेच. इतकी वर्षं ऐकतेय, पण अजूनही ऐकलं की डोकं तितकंच फिरतं.

ते वादळ आलं तेव्हा मी गावात नव्हते. जळगावला, मेहरूणला बहिणीकडे साखरपुडा होता. मेच्या शेवटी आमच्याकडे संध्याकाळी वारं सुटतं, धूळ उडते, चार थेंब पडतात आणि उकाडा वाढवून जातात, ह्याची सगळ्यांना सवय. त्या दिवशीचं वारं वेगळं होतं. मेहरूणला त्याने आमचा मांडव उचलून शेजारच्या बंगल्यावर टाकला. आम्ही सगळे जेवणाची ताटं हातात घेऊन घरात कोंबलो गेलो आणि मग किती तरी वेळ पाऊस कोसळत राहिला. त्यात गावातून शेजाऱ्याचा फोन आला. म्हणाला, तुमच्या मेडिकलवरचे पत्रे गेले. मी विचारलं, कुठे गेले? तर म्हणे, ते नाही दिसत, अंधार आहे. आणि फोन बंद पडला.

आता सांगते मला काय वाटलं ते. दुकानाचं वाटलंच, नाही कसं वाटणार. पण त्याच्या आधी माझ्या डोळ्यांसमोर एक मुलगी आली आणि ती काही केल्या जाईना.

आमच्या दुकानामागच्या गल्लीत एक अक्का राहतात. गाव त्यांना टरकून असतं. मुलगा सुरतेला साडीच्या कारखान्यात, वर्षातून दोनदा येतो. घरात अक्का आणि त्यांची सून, दोघीच. सून धुळ्याकडची. लग्न होऊन आली त्याच महिन्यात तिची आई माझ्याकडे आली, दुकान रिकामं होईपर्यंत बाकावर बसून राहिली आणि मग पदराखालून धुळ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी काढली. मुलीला लहानपणापासून फिट येतात. गोळी चालू असली की काही होत नाही, पण गोळी चुकली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धोका. सासरी कोणाला सांगितलेलं नाही. कळलं तर पोरीला परत आणून टाकतील, असं ती म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. मी तिथल्या तिथे सांगितलं की हे बरोबर नाही, आजच्या आज जाऊन सांगून टाका. तिने मान हलवली. पुढे मुलीलाही मी हेच सांगत आले, तीही मान हलवते. मायलेकींची मान हलवायची पद्धत एकच, आणि त्यानंतर काहीही न करण्याचीही.

त्यामुळे दर महिन्याला बाजाराच्या दिवशी मी काय करायचं, तर फिटच्या गोळ्या पाकिटातून एकेक दाबून काढायच्या आणि कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरून तिला द्यायच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला ती माहेरी गेली की धुळ्याला डॉक्टरांना दाखवून येते, नवी चिठ्ठी आणते. बाकी सगळं गुपचूप. फार्मसी शिकलेली बाई मी, आणि माझी अर्धी अक्कल असल्या कारभारात चाललेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली एसटी धरली. शहराबाहेर पडलो तर केळीच्या बागा आडव्या. एरंडोलच्या पुढे रस्त्यावर कडुलिंब पडलेले. एसटीवाल्याने गाडी बाजूला लावली आणि तंबाखू मळत बसला. मी विचारलं, कधी निघेल? तो म्हणाला, झाड उठलं की. एवढी तिडीक गेली डोक्यात. शेवटी एका कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसून, नव्या साडीचं वाटोळं करत, भर दुपारी गावात पोहोचले.

दुकानावर पत्रा नव्हताच. शटर खाली ओढलेलं होतं, पण बाजूचं दार उघडं. आत गेले तर फळ्या रिकाम्या. खाली चिखल आणि वर आभाळ, मधे काही नाही. कोपऱ्यात भिजलेल्या पुठ्ठ्याचा लगदा, भिंतीवरच्या चौकटीतला परवाना पाण्यात विरघळून निळा झालेला. मला वाटलं, झालं, पावसाने नेलं नाही ते चोरांनी नेलं. तेवढ्यात वरून कोणी तरी हाक मारली.

अक्कांचं घर धाब्याचं आहे, वर मातीचं सपाट धाबं. माझे पत्रे उडाले आणि त्यांचं मातीचं धाबं जागचं हललं नाही. त्या धाब्यावर गल्लीतल्या पाच-सहा बायका उभ्या राहून मला वर बोलावत होत्या, अगदी हळदीकुंकवाला बोलवावं तशा. मी वर गेले.

वर माझं मेडिकल वाळत घातलेलं होतं.

उन्हाळ्यात बिबड्या, कुरडया, पापड घालतात ना, तसंच. जुनी लुगडी अंथरलेली, त्यांच्या कडांना दगड ठेवलेले आणि त्यावर गोळ्यांची पाकिटं ओळीने. खोकी ओली झाली म्हणून काढून टाकलेली. आणि लावली कशी होती, तर रंगाने. लाल एका लुगड्यावर, पिवळी दुसऱ्यावर, पांढऱ्यांना तर अख्खी खाट. बीपीची, पित्ताची, तापाची, थायरॉइडची, पांढरी आहे ना, मग जा खाटेवर. सरबतासारख्या दिसतात म्हणून खोकल्याच्या बाटल्या कठड्याला उन्हात उभ्या केलेल्या. एक मुलगी हातात काठी घेऊन कावळे हाकत बसली होती.

"बठ्ठं सुकाडी दिनं, ताई," एक जण म्हणाली. "एक बी गोळी वाया नही जाऊ दिनी."

त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला बोलवेना. उजाडल्यापासून टोपल्यांनी वाहिलं होतं बायांनी. स्वतःच्या घरातलं पाणी उपसायचं बाकी ठेवून आधी माझं दुकान वर आणलं होतं. आणि मी मात्र उभी राहून बघत होते की ह्यातलं एकही औषध आता विकता येणार नाही. पावसाने भिजलं होतं तेवढं गेलं असतं. जे वरच्या फळीवर कोरडं राहिलं होतं, तेही आता मेच्या उन्हात तापून कामातून गेलं होतं. शेवटी मी बोललेच. जरा जास्तच बोलले. औषधाला ऊन चालत नाही, डब्यावर लिहिलेलं असतं, कोणी वाचायचं कष्ट घेतलं नाही का, वगैरे. तर त्यांतली एक शांतपणे मला विचारते, "मंग पापडले कसं चालस?"

कप्पाळ.

मग मी एक पाकीट उचललं आणि माझी उरलीसुरली शुद्ध हरपली. पाकिटाचा एक कोपरा फाडलेला होता. दुसरं उचललं, तेही तसंच. ज्या पाकिटांना दोन्ही बाजूंनी चांदीचा कागद असतो, आतली गोळी दिसत नाही, त्या प्रत्येकाचा एक कोपरा नखाने उकरून आतली गोळी उघडी केलेली. उंदरांनी कुरतडावं तसं. हे कोणी केलं म्हणून मी ओरडले, तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या आणि मग सगळ्या अक्कांकडे. अक्का पलीकडे तोंड करून लुगड्याच्या कडेवरचा दगड सारखा करत होत्या. त्यांना मी काही म्हणाले नाही. म्हणाले नाही म्हणजे, मनात पुष्कळ म्हणाले.

एवढ्यात सून चहा घेऊन वर आली. माझ्या हातात कप देताना तिने माझ्याकडे जे बघितलं ते मला पुरे होतं. मग कप देऊन झाल्यावर ती निळ्या पाकिटांच्या लुगड्यापाशी वाकली, काही सावरतेय असं दाखवत. तिची गोळी लांबट निळी असते. त्या लुगड्यावर लांबट निळ्या गोळ्या तीन-चार प्रकारच्या होत्या, एक झोपेची, एक बीपीची, आणि तिची एकही नव्हती. तिचा हात तिकडे गेला तशी मी तो फटकन बाजूला केला. सगळ्यांनी बघितलं. मी म्हणाले, ओले हात लावू नकोस, आधीच सत्यानाश झालाय. बायकांना वाटलं ताईचं डोकं फिरलंय, आणि ते खरंच होतं.

जिन्यात तिने मला गाठलं. कोनाड्यातली बाटली वाऱ्याने पाण्यात पडली होती आणि गोळ्यांचं पीठ झालं होतं. रात्रीची गोळी चुकली होती. आजचीही चुकणार. मी खाली जाऊन दुकानात शोधलं, तिच्या गोळ्यांचा डबा सगळ्यात खालच्या फळीवर मागे ठेवलेला असायचा, कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून. तो चिखलात बसून लगदा झाला होता. लपवायचं म्हणून खाली ठेवला, आणि लपवला म्हणूनच गेला.

त्या दिवशी पुढे काय काय झालं ते आठवलं तरी अंगाचा तिळपापड होतो. आमचे हे धुळ्याला शाळेत शिक्षक. रेंजसाठी टेकडीवर जाऊन त्यांना फोन लावला तर म्हणतात, कशाला हात लावू नकोस, आधी फोटो काढ, विम्याला लागतात. मी म्हटलं, सगळ्या गावाने हात लावून झालाय, आता माझे दोनच राहिलेत. विम्याच्या माणसाला फोन केला. त्याने विचारलं, माल जागेवरच आहे ना? मी म्हटलं, नाही, धाब्यावर आहे. तो म्हणाला, मॅडम, धाब्यावर म्हणजे हॉटेलात का? त्याला समजावता समजावता माझ्या मोबाइलची बॅटरी गेली.

मला वाटलं होतं, निदान डेअरीच्या ओट्यावर टेबल टाकून, कुठून तरी थोडी औषधं आणून चालू करू. पण परवाना त्या खोलीचा असतो, बाईचा नसतो. त्या चार भिंतींच्या बाहेर बसून मी तापाची गोळीही विकू शकत नाही. भिंती होत्या, पण डोक्यावर काही नव्हतं. म्हणजे आधी छप्पर, मग माल, मग दुकान. दूध डेअरीच्या भाऊंनी तेवढं एक शहाणपण केलं होतं. माझ्या फ्रिजमधलं इन्सुलिन रातोरात काढून, पिशवीत गुंडाळून दुधाच्या थंड टाकीजवळ ठेवलं होतं, कारण तिथे जनरेटर चालतो. मी त्यांचे पाय धरायचे बाकी ठेवले. त्यांनी सांगितलं की पहाटे दुधाची गाडी शेतातल्या रस्त्याने धुळ्याला जाईल, पुढे बसायचं असेल तर या.

बायका आपापल्या घरी गेल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. मी धाब्यावर एकटी पोती भरत होते, सगळं टाकाऊ म्हणून बाजूला काढायचं होतं. अक्का वर आल्या. मला वाटलं, आता ह्या पाकिटं फाडल्याचं काही तरी कारण सांगणार. त्या माझ्या शेजारी बसल्या. निळी पाकिटं पोत्यात घातलेली होती, त्यांतली मूठभर परत काढली आणि माझ्यासमोर धरली.

"यामाईन फिटनी गोळी कोनती शे?"

मी विचारलं, कोणाला हवीय फिटची गोळी?

त्यांनी जिन्याकडे बघितलं. खाली भांडी घासल्याचा आवाज येत होता. मग अगदी हळू म्हणाल्या, "मन्ही सूननी."

मला पोतं हातातून सोडून द्यावं लागलं.

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात दोघी ह्याच धाब्यावर झोपायच्या. एकदा पहाटे सुनेचं अंग ताठ झालं, डोळे फिरले. अक्कांच्या भावाला लहानपणी फिट यायच्या, त्यामुळे त्यांनी ओळखलं. पोरीला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, शांत झाल्यावर वर गोधडी घातली. सकाळी तिला काही आठवत नव्हतं, अक्कांनी काही सांगितलं नाही. पुढे तिच्या कॅल्शियमच्या बाटलीत डोकावून निळी लांबट गोळी बघून ठेवली, कारण कॅल्शियम त्या स्वतः खातात आणि ते निळं नसतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. काल बाटली पाण्यात पडली तेव्हा सून जे पांढरी पडली, ते बघून त्या समजल्या. अक्कांना वाचता येत नाही. कोणाला विचारायची सोय नव्हती. म्हणून सकाळी गल्ली गोळा केली, चला, ताईचं दुकान वाळवू म्हणून. रंग वेगळे करायला त्यांनीच सांगितलं होतं, आणि कोपरे त्यांनीच फाडले होते, एकेका पाकिटातली गोळी बघत.

ह्या बाईला गाव खाष्ट म्हणतं, मीही म्हणायचे. सुनेला विहिरीवर जाऊ देत नाही. चुलीपाशी एकटी बसू देत नाही, जरा उठली की पाठोपाठ जाते. शेतात पाठवलं तर कोणाला तरी बरोबर लावून देते, म्हणे सुनेचा भरवसा नाही. सून माझ्यापाशी रडायची ह्यावरून. मी तिची समजूत काढायची, आणि अक्का समोर दिसल्या की तोंड वाकडं करायची.

मी त्यांना म्हटलं, अहो अक्का, मग तिला सांगितलं का नाही? दोघी एका घरात राहता. ती तुमच्यापासून लपवते, तुम्ही तिच्यापासून लपवता आणि मधे मी मूर्खासारखी बाटल्या भरतेय. मला खरंच राग आला होता, इतका की रडू येत होतं. आणि त्याच्याहून मोठी भीती वाटत होती, कारण ह्यांनी अंदाजाने एखादी निळी गोळी पोरीच्या चहात घातली असती तर? मी ते विचारलं. त्या म्हणाल्या, घालणार होते, पण निळ्या चार प्रकारच्या निघाल्या, मग हात थांबला. आणि उठताना मला बजावलं, "तिले सांगू नको. माले ठाऊक शे ते."

म्हणजे आता माझ्याकडे दोघींचं मिळून एकच गुपित, आणि दोघींनी शपथ मला घातलेली.

पहाटे दुधाच्या गाडीतून निघाले. सगळा रस्ता मी एकच हिशेब करत होते, की पोरीची दुसरीही गोळी चुकली आहे, आणि घरात चूल आहे, दारात विहीर आहे. धुळ्याला बाजार नीट चालू होता, जणू काही झालंच नाही. ठोक दुकानाचं शटर उघडायच्या आधी मी पायरीवर जाऊन बसले. मालक आले, चहा मागवला, काळजीने चौकशी केली आणि मग कॉम्प्युटरवर बघून म्हणाले की ताई, तुमचं गाव ह्या महिन्यापासून जळगावच्या लाइनला टाकलंय, बिल इथून निघत नाही. मी म्हटलं, मग जळगावला फोन लावा. लावला. जळगावचा म्हणाला, ते गाव आमचं नाही, धुळ्याचं. फोन स्पीकरवर होता, सगळ्या दुकानाने ऐकलं. वर कॉम्प्युटरवरचा मुनीम मला म्हणतो, परवान्याची प्रत जोडावी लागेल.

तिथे मी काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. परवाना धुऊन गेला म्हणाले. गाव ह्या जिल्ह्यात की त्या, ते तुम्ही दोघं निवांत बसून ठरवा, पण आमच्याकडे माणसं आजारी पडताना लाइन बघून पडत नाहीत, असंही म्हणाले. आवाज इतका वाढला की शेजारच्या भांड्याच्या दुकानातले लोक दारात आले. मालक बिचारे सज्जन. त्यांनी मुनिमाला उठवलं, स्वतः खुर्चीत बसले आणि यादी सांगा म्हणाले. मी पहिलं नाव त्या फिटच्या गोळीचं सांगितलं. बाकीचं नंतर.

आमचे हे शाळेला सुट्टी म्हणून मोकळेच होते. एक टेम्पो मिळाला, त्यात खोकी आणि मंडपवाल्याची मोठी ताडपत्री टाकून आम्ही दुपारनंतर गावात आलो. डेअरीच्या भाऊंनी आणि दोन-तीन जणांनी मिळून भिंतींवर बांबू टाकले, वर ताडपत्री ओढली, दोरखंडाने आवळली. ह्यांनी चिखल काढून खाली भुसा टाकला. मी धुळ्याहूनच औषध निरीक्षक साहेबांना कळवलं होतं, ते म्हणाले, जागा तीच आणि तुम्ही स्वतः हजर असाल तर चालू करा, परवान्याची नक्कल नंतर देतो. तेवढा एक माणूस सरळ बोलला. काउंटर पुसला. शटर वर केलं.

मला गोळी हळूच त्या मुलीच्या हातात द्यायची होती. पण शटर वर जातंय न जातंय तोच गाव समोर उभं. मी ओरडून ओरडून रांग करायला लावली. आणि लोकांना हवं काय होतं, तर एकाला मच्छर अगरबत्ती, एकाला मोबाइल चार्ज करायचा, एक आजोबा म्हणाले ती लाल गोळी द्या. कुठली लाल? तर म्हणे, लाल नव्हती का धाब्यावर, तीच. मी त्यांना म्हटलं, धाब्यावरचं नाव काढलं तर रांगेतून बाहेर काढीन.

अक्का रांगेत पुढेच होत्या. त्यांनी गुडघ्याचं मलम मागितलं. मी मलम ठेवलं आणि डोळ्यांनी खुणावलं, थांबा, गोळी आली आहे. त्या बाजूला सरकल्या, पण गेल्या नाहीत. सून रांगेत बरीच मागे होती. तीही काही तरी डोकेदुखीचं निमित्त काढूनच आली असणार. मी तिच्याकडे बघितलं तर तिचं तोंड उतरलेलं, नजर ठरत नव्हती, एका हाताने भिंत धरलेली. रांग सोडून तिला पुढे बोलवावं तर सगळे विचारणार, का? माझ्या तोंडात आलेलं नाव मी गिळलं. आणि गिळताना मला माझाच संताप आला.

अक्कांनी माझी नजर कुठे गेली ते बघितलं. त्या वळल्या. क्षणभर सुनेकडे बघत राहिल्या. मग काउंटरवर हात आपटून, गल्लीत भांडताना असतो त्याच आवाजात म्हणाल्या,

"मन्ही सूनले फिटनी गोळी दे. पहिले तिले दे."

एक बाई सुनेपासून जरा लांब सरकली, अक्कांनी तिच्याकडे असं बघितलं की ती परत जागेवर आली. मी पाकीट फोडलं, ग्लासात पाणी ओतलं, दोन्ही घेऊन काउंटरच्या बाहेर गेले. सुनेने गोळी घेतली, पाणी प्यायली आणि मला वाटलं आता ही रडेल, नाही तर सासूच्या पाया पडेल. तसं काहीच झालं नाही. ती चिडली. एवढी साधी, खाली मान घालणारी पोर, चारचौघांत सासूवर चिडली.

"तुमले माहीत व्हतं?" तिने विचारलं.

सून थांबेना. म्हणाली, रोज रात्री झोपताना मला वाटायचं, आज कळेल आणि उद्या मला माहेरी सोडून येतील. माझ्या नवऱ्याशी मी धड बोलले नाही ह्या भीतीने, आणि तुम्हाला माहीत होतं? तिचा आवाज चिरकला होता. मला तिचं शंभर टक्के पटत होतं आणि अक्कांकडे बघवतही नव्हतं. ज्या बाईपुढे गावात कोणाची जीभ उचलत नाही, ती पदराचं टोक चुरगाळत उभी होती.

"माले बी भ्याव वाटे," अक्का शेवटी म्हणाल्या. "तू निंघी जाशी म्हनीसन."

मी दोन दिवस नुसती वैतागत होते, लाइटवर, विम्यावर, लाइनवर, बायकांवर, आणि त्या वाक्यापाशी माझ्याकडे वैतागायला काही उरलं नाही. सून सासूकडे बघत राहिली. राग गेला नव्हता, तो तिच्या चेहऱ्यावर तसाच होता. तिने ग्लास माझ्या हातात दिला, पदराने तोंड पुसलं. मग सासूला म्हणाली की गोळी घेतल्यावर घडीभर गरगरतं मला, रोजच गरगरतं.

"हात धरा," म्हणाली.

अक्कांनी धरला. पायरीखाली चिखल होता, त्यातून दोघी सावकाश, पाय सांभाळत मागच्या गल्लीकडे गेल्या. रांग तशीच उभी होती, कोणी पुढे सरकेना. मग मागून एक भाऊ म्हणाले, ताई, आमचं बी पहा आता. मी आत गेले आणि त्यांचं पाहिलं.